न सांगणारे ग्रंथपाल

आमच्या गावात कोणाच्या घरी काय शिजतंय हे शेजारच्या घराला फोडणीच्या आधी कळतं. अशा गावात पोटात गोष्ट ठेवणारा माणूस आजवर एकच झाला, तो म्हणजे आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल. इथे डॉक्टर बोलतात, वकील बोलतात, देवळातले गुरवसुद्धा कोणी कशासाठी नवस बोललंय ते चहाच्या टपरीवर सांगतात. ग्रंथपाल बोलत नाहीत. माझी थोरली बहीण, आक्का, गेल्या वर्षी गेली. तिला काय झालंय हे ग्रंथपालांना पाच महिने माहीत होतं. मला ते शेवटचे अकरा दिवस माहीत होतं. आम्ही बहीणभाऊ एका घरात राहत होतो आणि मी वाचनालयात रोज जात होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ग्रंथपालांविषयी जे सांगायचं आहे त्यातलं पुष्कळसं हसू येण्यासारखं आहे.

दिसायला ग्रंथपाल म्हणजे उंच, किडकिडीत आणि किंचित पुढे वाकलेले. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला जन्मलेला माणूस जसा असावा तसे. वाचनालयात आवाज झालेला त्यांना खपत नाही. खपत नाही म्हणजे किती, तर ते स्वतःही तिथे बोलत नाहीत. खिशात कागदाचे चौकोनी तुकडे असतात, त्यावर पेन्सिलीने लिहून तुकडा समोर सरकवतात. ‘खुर्ची उचलून ठेवावी.’ ‘खोकला बाहेर.’ ‘आपला मुलगा परीक्षेत पास झाल्याचे कळले. अभिनंदन.’ एकदा सरपंच मासिक चाळता चाळता घोरू लागले तेव्हा त्यांच्या मांडीवर चिठ्ठी आली : ‘झोपण्यास हरकत नाही.’ पुढचं वाक्य लिहायची गरज ग्रंथपालांना वाटली नाही. सरपंचांनाही ते कळलं आणि तेव्हापासून ते मासिकं घरी नेतात.

दुसरा त्यांचा कायदा म्हणजे कोणी कुठलं पुस्तक नेलं हे तिसऱ्याला कळता कामा नये. घरी जाणारं प्रत्येक पुस्तक ते जुन्या वर्तमानपत्राचं कव्हर घालून देतात. बाजूच्या वाडीतल्या एका गृहस्थांनी मोठ्या गुर्मीत येऊन विचारलं होतं, “काय ओ, आमची मंडळी हल्ली काय वाचतेय? सारखी उलट बोलते.” ग्रंथपालांनी चिठ्ठी दिली : ‘त्यांनाच विचारावे.’ कव्हरांचा परिणाम असा झाला की परत आलेली पुस्तकं एकसारखी दिसू लागली, आणि दर शनिवारी ग्रंथपाल एकेक पुस्तक उघडून त्याची ओळख पटवत बसू लागले. काम दुप्पट झालं. पण त्यांना कोणी तसं म्हटलं की ते खिशात हात घालायचे, आणि चिठ्ठी येण्याआधी माणूस निघून जायचा.

आमचं गाव रत्नागिरीजवळ, भाट्याच्या पुढे, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पायथ्याला, खाली उतरलेलं. घरांत मोबाईलला रेंज नाही. वाचनालय वर सड्यावर, शाळेला लागून, आणि ग्रामपंचायतीची इंटरनेटची वायर तिथपर्यंत आलेली. करोनाच्या त्या वर्षात सरकारने मोबाईलवरून डॉक्टरला दाखवायची सोय केली, तेव्हा रेंज शोधत पहिली बाई वाचनालयाच्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली ती मासे विकणारी आमची एक काकी. डॉक्टरला ऐकू जाईना म्हणून ती आवाज चढवत गेली. “मुळव्याध ओ, मुळव्याध! रगत पडतंय! कधीपासून? धा-बारा दिस झाले!” आत पेपर वाचणारे आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. आम्हाला वाटलं, आता ग्रंथपाल तिला आवाजाबद्दल चिठ्ठी देणार. ते उठले, व्हरांड्यात गेले आणि तिचा फोन संपेपर्यंत आमच्याकडे पाठ करून दारात उभे राहिले. काकी गेल्यावर ते आत आले आणि मी प्रथमच वाचनालयात त्यांचा आवाज ऐकला. “हे बरोबर नाही,” ते म्हणाले. “आपलं दुखणं असं ओरडून सांगायला लागणं बरोबर नाही.”

आठ दिवसांत त्यांनी संदर्भ विभागाची खोली रिकामी केली. कोश, गॅझेटियर, वार्षिकांचे बांधीव खंड, सगळं बाहेर काढलं. त्यातलं निम्मं स्वतःच्या घरी माजघरात नेऊन रचलं. “माझी भाताची कणगी बाहेर आणि ह्यांचे कोश आत,” असं त्यांच्या पत्नी सगळ्यांना सांगत असत. उरलेल्या जाड खंडांची त्यांनी खोलीच्या खिडकीत आणि दाराच्या बाजूला भिंत उभी केली, म्हणजे आतलं बाहेर ऐकू येऊ नये. चाळीस वर्षांत त्या खंडांना कोणी हात लावला नव्हता. ते एकदाचे लोकांच्या उपयोगी पडले. आत एक संगणक, कानाला लावायचं यंत्र, आणि दोन खुर्च्या. एक दुखणेकऱ्याची, दुसरी सोबत आलेल्याची. सोबत कोणी नसेल तर दुसरी खुर्ची ते बाहेर आणून ठेवायचे, रिकामी खुर्ची समोर दिसली की माणूस खचतो म्हणून.

व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष वाचनालयाच्या सरकारी तपासणीच्या धास्तीने आले. आमचं वाचनालय ‘ब’ वर्गातलं. वर्ग खाली गेला तर त्यांना तोंड दाखवायला जागा राहिली नसती. “अहो, हे वाचनालय आहे की दवाखाना?” ग्रंथपालांनी त्यांना चिठ्ठी दिली नाही, बाहेर पायरीवर नेलं आणि तोंडाने सांगितलं, “ह्या लोकांना डॉक्टर सापडत नाही. न सापडणारं शोधून देण्यासाठीच आपण मला नेमलंय ना?” पुढच्या आठवड्यात अध्यक्ष स्वतःच गुडघे दाखवायला आले.

लवकरच आठवड्याचे दिवस ठरले. सोमवारी साधे आजार, गुरुवारी संध्याकाळी मुंबईचे मोठे डॉक्टर. सावर्ड्याला दिलेल्या लेकी माहेरपणाला आल्या की सासरची दुखणी बरोबर आणू लागल्या. ग्रंथपालांनी वाचनालयाचे सगळे कायदे जसेच्या तसे दुखण्यांना लावले. डॉक्टरने पुन्हा कधी बोलावलंय ती तारीख ते पुस्तक परतीच्या लाल शिक्क्याने औषधाच्या कागदावर उठवत. त्या शिक्क्याला आमचं गाव लहानपणापासून भितं, त्यामुळे रक्तदाबाचे पेशंट तारखेला हजर असत. एक आजोबा चुकले तेव्हा ग्रंथपाल त्यांच्या घरी गेले आणि अंगणातूनच म्हणाले, “तुमची मुदत संपलीय.” आजोबांनी सुनेकडून आधी पाणी मागून घेतलं. मोठ्याने बोलणाऱ्या एका डॉक्टरांच्या समोर, म्हणजे कॅमेऱ्यापुढे, त्यांनी चिठ्ठी धरली होती : ‘कृपया हळू बोलावे. हे वाचनालय आहे.’ डॉक्टर दचकले आणि उरलेली तपासणी कुजबुजत केली. कधी वायर दगा द्यायची आणि पडद्यावरचे डॉक्टर तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजायचे. एक म्हातारी तशा डॉक्टरपुढे पंधरा मिनिटं हात जोडून बसली होती. ग्रंथपालांनी दार ठोठावलं तर म्हणाली, “गप ऱ्हावा. विचार करतायत ते.”

रिपोर्ट मात्र त्यांच्या हातून धड जात नसत. दुसऱ्याचा कागद वाचायचा नाही हा नियम, म्हणून ते मान वळवून कागद स्कॅनिंगच्या यंत्रावर ठेवत. डॉक्टरकडे रिपोर्ट तिरके जात, कधी उलटे. “हा एक्स-रे डोक्यावर उभ्या माणसाचा आहे का?” असं एकदा मुंबईहून विचारणं झालं. ग्रंथपालांनी पुन्हा ठेवला. पुन्हा मान वळवून. औषधाबद्दल कोणी स्वतःहून विचारलं तर डॉक्टरांच्या कागदावर छापलेलं तीनदा वाचून दाखवत, पण स्वतःचा एक शब्द घालत नसत. नाव नोंदवताना कोणत्या विभागाचा डॉक्टर हवा ते निवडावं लागे. तेवढंच त्यांना कळायचं, आणि त्याला त्यांचा इलाज नव्हता.

आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, लवकर विधवा झाली, आणि मी मुंबईच्या वर्तमानपत्रातली उपसंपादकी संपवून गावी परतलो तेव्हापासून आम्ही दोघंच. ती दर गुरुवारी संध्याकाळी पुस्तक बदलायला जायची. कव्हर घातलेलं पुस्तक घेऊन यायची. मी रोज संध्याकाळी पाचला पेपर वाचायला जात असे, पण गुरुवारी तिथे बाकांवर पेशंट बसू लागले, बसायला जागा मिळेना, म्हणून मी गुरुवारपुरती माझी वेळ सकाळची केली.

त्यानंतर ग्रंथपाल विचित्र वागू लागले. दर गुरुवारी सकाळी मी गेलो की टेबलावर पेपर नसत. कपाटात कुलपात असत. चिठ्ठी येई : ‘गुरुवारचे पेपर संध्याकाळी पाच वाजता मिळतील.’ मी पहिल्यांदा हसलो आणि पेपर न वाचताच राहिलो. दुसऱ्यांदा कारण विचारलं. चिठ्ठी तीच. तिसऱ्या गुरुवारी मी म्हणालो, “अहो, पेपर कुलपात ठेवून मला संध्याकाळची तारीख द्यायला हे काय कोर्ट आहे?” त्यांनी खिशात हात घातला, कागद काढला, पेन्सिल टेकवली आणि काहीच न लिहिता कागद परत खिशात ठेवला. मला तो उद्धटपणा वाटला. मी अध्यक्षांकडे लेखी तक्रार केली. एक पानी, मुद्देसूद, एकही विशेषण नसलेली. तक्रार मंजूर झाली. पुढच्या गुरुवारपासून पेपर सकाळी टेबलावर आले आणि संध्याकाळी मी घरी राहिलो.

एका मंगळवारी सकाळी आक्का अंगणात तुळशीला पाणी घालायला निघाली आणि उंबऱ्यात बसली ती उठलीच नाही. शेजाऱ्याच्या गाडीतून रत्नागिरीला नेली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “आधीचे कागद?” मी म्हणालो, कागद नाहीत, ती कधी आजारी नव्हती. खाटेवरून आक्का म्हणाली, “माझ्या फळीवर आहेत. डावीकडून तिसरं.” मी घरी येऊन बघितलं. फळीवर वाचनालयाची पुस्तकं होती, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली. डावीकडून तिसरं पुस्तक नव्हतं. ती फाईल होती, तसंच कव्हर घातलेली. त्या फळीखाली बसून मी पाच महिने चहा घेतला होता. पोटात गाठ होती आणि ती पहिल्या तपासणीलाच पुढे गेलेली होती. पेन्शनच्या कामाला म्हणून ती दोनदा रत्नागिरीला एकटी गेली, ती त्या तपासण्यांसाठी. मुंबईला हेलपाटे घालण्याइतकी ताकद नव्हती. जे होतं ते दुखणं सुसह्य करण्याचं, आणि ते मुंबईचे डॉक्टर दर गुरुवारी त्या खोलीत, त्या पडद्यावरून करत होते.

मी तिला विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू माझ्याकडे बघत बसला असतास,” ती म्हणाली. “परवा चहा गुळमट झाला म्हणून तू कुरकुरलास ना, ते मला हवं होतं. तू कुरकुरायचा थांबला असतास रे.”

अकरा दिवस मी तिच्याकडे बघत बसलो. मी एकदाही कुरकुरलो नाही, आणि तिच्या ते लक्षात येत होतं.

दिवसकार्य झाल्यावर मी वाचनालयात गेलो. ग्रंथपाल उभे राहिले. मी म्हणालो, गुरुवारच्या नोंदवहीत आक्काचं नाव कधीपासून आहे ते मला बघायचंय. त्यांनी मान हलवली. मी आवाज चढवला. वाचनालयात आजवर कोणी चढवला नसेल इतका. “ती गेली! आता कोणापासून लपवताय? मी तिचा भाऊ आहे!” पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. ग्रंथपालांनी मला गप्प राहायची चिठ्ठी दिली नाही. ते तोंडाने, हळू, म्हणाले, “वाचक गेला म्हणून नोंद उघडी होत नाही, भाऊ. त्यांनी मला नाही म्हणून सांगितलं होतं. आता तो नकार मागे घ्यायला त्या येणार नाहीत.”

मी दोन महिने वाचनालयात पाऊल टाकलं नाही. टपरीवर मी त्यांच्याबद्दल वाईट बोललो, आणि ते बोलणं संध्याकाळपर्यंत गावभर झालं. त्यांच्या कानावर गेलंच असणार. एकदा त्यांच्या पत्नी आमसुलं घेऊन घरी आल्या. पडवीत बसल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, मला तरी कुठं माहीत होतं? गुरुवारी रात्री ह्यांना जेवण जायचं नाही. विचारलं की पित्त म्हणायचे. मी पाच महिने मोरावळा घालत होते.” मी आमसुलं आत ठेवून आलो. त्या उठताना म्हणाल्या, “तुमच्या तक्रारीच्या दिवशी घरी येऊन माजघरात त्या कोशांपाशी बसून होते. मी म्हटलं, एवढं काय, पेपरच ना?”

तोवर मला पेपरांचं कळलं नव्हतं. उपसंपादकाला तीस वर्षांत जे शिकवलं जातं, म्हणजे दोन बातम्या शेजारी ठेवून बघणं, ते मी माझ्या घराबाबत केलं नव्हतं. नियमाच्या बाहेर एक पाऊल न टाकता एक माणूस मला दर गुरुवारी पाच वाजता आक्का बसायची त्या बाकावर आणून बसवू बघत होता, आणि मी त्याच्याविरुद्ध आदेश मिळवला होता.

त्या संध्याकाळी मी आक्काची पुस्तकं परत करायला काढली. शेवटच्या पुस्तकात, वाचून झाल्याच्या खुणेसारख्या, चौकोनी चिठ्ठ्या होत्या. मी मोजल्या, सतरा. सगळ्यांवर ग्रंथपालांची पेन्सिल. पहिलीवर ‘आपल्या बंधूंस कळवावे अशी नम्र विनंती.’ मधल्यांवर नुसतं ‘कळवावे.’ शेवटच्या तीन-चारांवर त्यांची सरकारी भाषा उरली नव्हती. ‘आक्का, सांगा ना त्यांना.’ अगदी शेवटची उलटली तर मागे आक्काचं शाळेतलं वळणदार अक्षर : ‘पुढच्या गुरुवारी नक्की.’ ती मंगळवारी पडली.

मी पुस्तकं घेऊन गेलो. ग्रंथपालांनी ती उघडून बघितली, वहीत नोंद केली. चिठ्ठ्या मी घरी ठेवल्या होत्या. मी जायला वळलो तेव्हा एक कागद सरकवला गेला : ‘दाभोळचे एक गृहस्थ लेकीकडे राहावयास आले आहेत. ऐकू कमी येते. लेक कामावर असते. सोबत कोणी बसलेले चालेल असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. आज गुरुवार.’

ते गृहस्थ बोटीवर खलाशी होते. हात अजून दोरखंडासारखे. ग्रंथपालांनी दुसरी खुर्ची आत नेऊन ठेवली आणि दार ओढून घेतलं. पडद्यावर डॉक्टर आले. मी त्यांचं बोलणं खलाशांच्या कानाशी पुन्हा सांगू लागलो. डॉक्टरांनी विचारलं, “तुम्ही यांचे कोण?” मी अडखळलो. खलाशांना तेवढं नेमकं ऐकू आलं. “कोणी नाय ओ,” ते म्हणाले. “वाचनालयातून घेतलेत. मुदतीत परत करीन.”

त्याला आता वर्ष होत आलं. दर गुरुवारी पाच वाजता मी त्या खोलीत कोणाच्या ना कोणाच्या शेजारी बसतो. बहुतेकांचे मुलगे मुंबईला असतात, काहींचे बोटीवर. काहीजण बाहेर येताना माझा हात धरून म्हणतात, “घरी बोलू नका हं.” मी नाही बोलत. त्यांना सांगा एवढं मात्र मी दर वेळी म्हणतो. कोणी सांगतात, कोणी पुढच्या आठवड्यावर ढकलतात. निघताना ग्रंथपाल मान हलवतात, मी हलवतो, आणि मी सडा उतरून खाली येतो. आयुष्यभर ऐकलेलं दुसऱ्याला सांगायचा धंदा केलेल्या माणसाला हे जड जाईल असं मला वाटलं होतं. जात नाही. घरी येऊन पाय धुतो, चहा ठेवतो. आज काय झालं म्हणून विचारणारं तिथे कोणी नसतं.